मास्तर बघण्याचा कार्यक्रम

"घरी कोण कोण असतं?" बाबांनी विचारलं.

मगदूम मास्तरांनी पोह्यांचा चमचा तोंडाजवळच थांबवला. "मी, मंडळी, म्हातारी आई. पोरगा पुण्याला असतोय."

"घर स्वतःचं?"

"व्हय."

"काही व्यसन?"

"तंबाखू होती. सोडली."

"कधी?"

"आत्ताच. तुमच्या गेटाजवळ थुंकून आलो."

बाबांनी मान डोलावली. खरं बोलणारा माणूस. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला ट्रे घेऊन का पाठवलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या खोलीत याआधी दोन मुलं मला बघून गेली होती, त्यामुळे ट्रे हातात आला की माझी मान आपोआप खाली जायची. तशी ती गेली. मास्तरांच्या पायांत चपला होत्या आणि उजव्या पायाचा अंगठा सारखा खाली दाबला जात होता. घरात बसल्या बसल्या हा माणूस कशाला तरी ब्रेक लावत होता.

मगदूम मास्तर गडहिंग्लजमध्ये गाडी शिकवायचे. मला गाडी शिकायची होती. एवढ्यासाठी पोहे कशाला, असं कुणालाही वाटेल. पण माझ्या बाबांना, म्हणजे साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेल्या सुधाकर नेसरीकरांना, माणूस निवडायची एकच रीत ठाऊक होती. माझ्या दोन्ही आत्यांची लग्नं त्यांनी याच रीतीनं जमवली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू याच रीतीनं आला. दाढ काढायच्या आधी त्यांनी दातांच्या डॉक्टरांचं मूळ गाव विचारलं होतं.

मगदूम हे तिसरं स्थळ. पहिले आले ते खोराटे. फौजेतले निवृत्त हवालदार, लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवलेले. बाबांनी विचारलं, "आजवर किती अपघात?" खोराटे छाती काढून म्हणाले, "अकरा! पण माणूस एकबी गेला नाही." त्यांना पोहे परत विचारले गेले नाहीत. दुसरा लखन पोवार. तो डोळ्यांवर काळा चष्मा ठेवूनच सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, पोरीला आठवड्यात एका हातानं चालवायला शिकवतो." बाबांनी दुसऱ्या हाताचं काय करायचं ते विचारलं. लखननं ते अजून ठरवलं नव्हतं.

"आता शेवटचं," बाबा मगदूम मास्तरांना म्हणाले. "तुमच्या हातून अपघात किती?"

"एकबी नाही."

"किती वर्षांत?"

"पंचवीस वर्षं झाली शिकवतोय. गाडीचं सोडा, माझ्या हातनं कुणाच्या सायकलीला खरचटलेलं नाही."

बाबांनी आईकडे बघितलं. पत्रिका जुळल्यावर बघतात तसं. आईनं मास्तरांना आणखी पोहे वाढले.

मास्तर गेल्यावर कंपाउंडच्या भिंतीवरून हत्तरकी काकू डोकावल्या. "काय गं विभा, आज कोण आलं होतं बघायला?"

"मगदूम म्हणून आहेत."

"काय करतोय मुलगा?"

"गाडी शिकवतो. पंचावन्न वर्षांचा आहे."

"अगंबाई!" काकूंनी भिंतीवर कोपर टेकलं. मग म्हणाल्या, "गाडी तरी स्वतःची हाय न्हवं?"

"आहे. दोन ब्रेकची."

"मग काय," काकू म्हणाल्या. "सांभाळून घेईल."

इतका खटाटोप आमच्या पांढऱ्या मारुतीसाठी होता. ती दोन वर्षं पोर्चमध्ये कव्हर घालून उभी होती. त्याआधी बाबा ती चालवायचे. एका सकाळी त्यांनी ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबलं आणि गाडी दूध संस्थेच्या भिंतीतून आत गेली. कुणाला लागलं नाही. भिंत पडली आणि बाबांची गाडी सुटली. त्यानंतर अख्खं गाव त्यांना विचारायचं, "काय नेसरीकर, आज दूध चालत आणलंसा?" बाबा हसायचे आणि घरी येऊन कव्हरवरची धूळ झटकायचे. चावी त्यांनी देवघरात ठेवली होती.

आईचं माहेर सावंतवाडी. मध्ये आंबोलीचा घाट. आईला एसटीत उलट्या होतात. साध्यासुध्या नव्हे, कंडक्टर लोक तिला ओळखतात अशा. गाडीत पुढच्या सीटवर बसली की ठीक असायची. गाडी थांबल्यापासून तिचं माहेर थांबलं होतं. दोन भाऊबिजा मामानं फोनवर साजऱ्या केल्या होत्या. आईनं इकडे निरांजन लावून मोबाइलला ओवाळलं होतं.

आणि आता चंदगडचा एक कॉन्ट्रॅक्टर गाडी विकत मागत होता. मी म्हटलं, मी शिकते. बाबा म्हणाले, "भाऊबीजेला आईला सावंतवाडीला सुखरूप नेलंस तर गाडी राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर येऊन घेऊन जाईल. आणि मास्तर मी निवडणार."

आईनं त्या दिवशी कव्हर काढून गाडी पुसली. पुढची डावी काच जरा जास्त वेळ.

*

मास्तरांची शिकवण उत्तम होती. ते शिकणाऱ्या प्रत्येकाला "मालक" म्हणायचे. "मालक, क्लच." "मालक, म्हशीला आधी जाऊ दे, तिला घाई हाय." आवाज कधी चढायचा नाही. मी काही वेडंवाकडं करायच्या आत त्यांच्या पायाखालचा ब्रेक दाबला जायचा आणि गाडी शहाण्यासारखी उभी राहायची.

पण पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट खुपायला लागली. मास्तर गाडी घेऊन यायचे ते डाव्या सीटवर बसून. चालवत असायचा माझ्याआधीचा शिकाऊ, किराणा दुकानवाला बसर्गे. तो आमच्या दारात उतरायचा आणि चालत दुकानात जायचा. मग मी बसायचे. माझा तास संपायचा तो बँकेतल्या एका मॅडमच्या दारात. मी उतरून घरी चालत, मॅडम गाडीत. मॅडमनंतर एक कॉलेजचा पोरगा. तो मास्तरांना त्यांच्या घरी सोडून, गाडी शेडमध्ये लावून जायचा. सकाळी बसर्गे ती शेडमधून काढायचा.

म्हणजे गाडी दिवसभर गावात फिरायची आणि मास्तर एकदाही उजवीकडे बसायचे नाहीत.

मला वाटलं, काय डोकं आहे माणसाचं! पेट्रोल शिकणाऱ्याचं, मेहनत शिकणाऱ्याची, मास्तर फुकटात गावभर. पण मग बाजारात दिसायचे ते सायकलवर. कारखान्यावर कुणाकडे गेले तरी सायकलवर. गाडी शिकवणारा माणूस सायकलवरून जाताना मी बघत राहायचे. मिठाईवाला भाकरीचा डबा आणतो, त्यातलंच असेल, असंही वाटलं. तरी डोक्यात किडा वळवळत होता.

"मास्तर, एकदा तुम्ही चालवून दाखवा ना. बघून पटकन कळेल मला."

"बघून येत असतं तर मांजरं पोहायला लागली असती. रोज तळ्याकाठी मासे बघत बसतात. मालक, तिसरा टाक."

मी हत्तरकी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गुडघे असतील." मी गॅरेजवाल्या रफीकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "मास्तर? त्यांच्या गाडीचा एक्सिलेटर मी कधी बदललेला नाही. डावीकडचा ब्रेक मात्र सारखा झिजतो." आणि पाना घेऊन खाली जाऊन झोपले. गाडीखाली.

एका रविवारी मुद्दाम वाट वाकडी करून मी मास्तरांच्या घरावरून गेले. ते गाडी धुवायला शेडमधून उन्हात काढत होते. आत स्टिअरिंगवर मास्तरांची बायको, डोक्यावर पदर, नजर समोर. मागून मास्तर गाडी ढकलत होते. इंजिन बंद.

"मास्तर!" मी ओरडले. "चालू करून काढा की!"

"पेट्रोल वाचतंय!" मास्तर धापा टाकत म्हणाले.

मास्तरीणबाईंनी काचेतून माझ्याकडे बघितलं. पण त्यांनी स्टिअरिंग ज्या सफाईनं वळवलं, ते एका दिवसात येत नाही.

*

मला दसऱ्याच्या आसपास लायसन्स मिळालं. आता राहिला घाट. बाबांनी फर्मान काढलं, "मास्तरांशिवाय घाटात जायचं नाही." मास्तरांनी बरीच कारणं सांगून बघितली. बहिणीकडे भाऊबीज आहे म्हणाले. बाबांनी आठवण करून दिली, "पोहे खाताना तुम्ही म्हणालात, बहीण नाही." उलटतपासणीची तयारी लग्न जमवणाऱ्या माणसाइतकी वकिलाचीही नसते. मास्तर आले.

गेटाजवळ पहिला प्रश्न निघाला: पुढं कोण बसणार? मास्तर शिकवणार म्हणून पुढं. आईला मळमळतं म्हणून पुढं. बाबा म्हणाले, मास्तर. आईनं पिशवीतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा काढला आणि मागं बसली. मांडीवर करंज्यांचा डबा आणि ओवाळायचं ताट. शेजारी बाबा. हत्तरकी काकू भिंतीवरून म्हणाल्या, "पोरगीच नेती व्हय सगळ्यांना!" बाबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

आजऱ्यापर्यंत ठीक. आंबोलीपर्यंत ठीक. मास्तर बोलत होते. "मालक, छान. मालक, आरशात बघ." आमच्या गाडीत डावीकडे ब्रेक नव्हता. तरी प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जात होता. मॅट पुढं सरकत सरकत गोळा झाली होती.

घाट उतरायला लागलो. धुकं होतं, पण कातळावरून ओघळणारं पाणी दिसावं इतपतच. मागून आईचा आवाज आला, "ओ, जरा…" आणि पिशवीचा आवाज. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. ही भाऊबीज अशीच होणार, असं त्यांचं तोंड आरशात दिसत होतं.

एका अरुंद वळणावर खालून एसटी आली. चढाची गाडी, म्हणजे वाटेचा मान तिचा. तिचं नाक आमच्या नाकासमोर. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मास्तरांनी हँडब्रेक ओढला.

एसटीच्या खिडकीतून ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाडी मागं घ्या. मला वळण बसत नाय."

मागं म्हणजे वर. चढावर. उलटं. तेवढ्यात धुक्यातून एक माकड आलं आणि आमच्या बॉनेटवर बसलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. आमच्या दोघांपैकी निर्णय कोण घेणार, याची त्यालाही उत्सुकता असावी.

मी स्टिअरिंग सोडलं. "मास्तर, मला नाही जमणार. तुम्ही घ्या."

मास्तरांनी हँडब्रेक आणखी घट्ट ओढला.

"मास्तर, उतरते मी. तुम्ही या इकडे."

"नको, मालक."

"अहो घ्या की मास्तर," मागून बाबा म्हणाले. "पोर घाबरलीय. एवढं वळण काढून द्या."

मास्तरांनी समोर माकडाकडे बघत सांगितलं, "साहेब, मी गाडी चालवत नाही."

एसटीनं हॉर्न दिला. माकड हललं नाही.

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे लायसन्स हाय. चालवत नाही. शाळा काढली तेव्हा चालवायचो. मग कायम इकडं बसायला लागलो. एक दिवस सहज तिकडं बसलो, तर रस्ता दिसंना. डोळे चांगले आहेत. पण तिकडं बसलं की मला माझे हातच दिसतात, आता हे काय करतील म्हणून. इकडं बसलं की रस्ता लख्ख दिसतो."

"तुम्ही म्हणालात, एकही अपघात नाही!"

"नाहीच की झाला." मास्तर पहिल्यांदा मागं वळले. "साहेब, तुम्ही मला घर विचारलंत, आई विचारलीत, तंबाखू विचारलीत. गाडी चालवता का, हे नाही विचारलंत. कोणच नाही विचारत."

बाबांचं तोंड उघडं होतं. दोन आत्यांचे नवरे, भाडेकरू, दातांचे डॉक्टर, मास्तर, अशी बाबांची सगळी निवड त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मी बघितली. धाकट्या आत्याच्या नवऱ्याला काय विचारायचं राहिलं होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

एसटीचा हॉर्न पुन्हा वाजला. कंडक्टर उतरून म्हणाला, "अहो, झोपलाय काय?"

मागचं दार उघडलं. आई खाली उतरली, तोंड पुसत, पदर खोचत. गेली तीस वर्षं गडहिंग्लजची झालेली ती बाई एसटीकडे बघून थेट मालवणीत ओरडली, "थांब रे झिला! घाट खंय पळान जाणा नाय!" ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मग आईनं हातातली पिशवी माकडाच्या दिशेनं झटकली. माकड गेलं. त्या पिशवीत काय होतं ते त्याला कळलं असावं.

आईनं मास्तरांकडचं दार उघडलं. "मास्तर, तुम्ही मागं बसा."

मास्तर निमूट उतरले आणि मागं जाऊन बसले. मांडीवर ओवाळायचं ताट घेऊन. आई पुढं बसली. तिनं मागं वळून काचेतून रस्ता बघितला. "विभा, हे वळण मला माहीत आहे. तुझ्या बारशाला जाताना इथंच उलटी झाली होती मला. मागं थोडं वर गेलं की डावीकडे रुंद जागा आहे, झऱ्याजवळ. तिथं एसटी थांबवून मी तोंड धुतलं होतं."

"आई, तुला सगळी वळणं आठवतात?"

"डोक्याला नाही आठवत," आई म्हणाली. "पोटाला आठवतात."

बाबा खाली उतरले. मला वाटलं, चिडून उतरले. ते गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले, चढावर, बरोबर गाडीच्या मधोमध. दूध संस्थेच्या भिंतीच्या जागी. आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "येऊ दे."

"बाबा, बाजूला व्हा!"

"येऊ दे गं. मी बघतोय."

मागून मास्तरांचा आवाज आला. नेहमीचा, न चढलेला. "मालक, रिव्हर्स. क्लच अर्ध्यावर आण. जरा रेस दे. गाडी कुरकुरली की हँडब्रेक सोड. घाई नाही."

गाडी कुरकुरली. मी हँडब्रेक सोडला. गाडी क्षणभर पुढं जाते की काय असं वाटलं, आणि मग ती मागं, वर, निघाली. "येऊ दे, येऊ दे," बाबा मागं मागं चालत होते. "डावीकडे," आई म्हणाली. "हं. आता झरा." "बस!" बाबांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली.

एसटी आमच्या शेजारून वर गेली. ड्रायव्हरनं हात केला. खिडकीतल्या एका बाईला उलटी होत होती. आईनं तिच्याकडे फार आपुलकीनं बघितलं.

खालचा सगळा घाट आईनं सांगितला. "आता मोठं वळण, इथं तुझ्या मामाच्या लग्नाला. आता छोटं, इथं नाही कधी झाली, सरळ घे." मागून मास्तर गिअर सांगत होते. बाबा काहीच सांगत नव्हते. दाणोलीला सपाट रस्ता लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की वळणापासून इथवर आईनं एकही पिशवी वापरलेली नाही.

*

मामाच्या ओसरीवर आईनं मामाला ओवाळलं. दोन वर्षांनी मोबाइलऐवजी खरं कपाळ सापडल्यामुळे तिनं कुंकू जरा जास्तच लावलं. मग बाबा मास्तरांना म्हणाले, "बसा पाटावर." मास्तर "नको नको" म्हणत बसले. आईनं त्यांनाही ओवाळलं. खोटी बहीण सांगितलेल्या माणसाला अशी बहीण मिळाली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. चंदगडचा कॉन्ट्रॅक्टर. बाबांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घाटातून गाडी मी आणली होती. पण कशी आणली, ते सगळ्यांनी बघितलं होतं. बाबा बोलायच्या आत आईनं फोन घेतला.

"गाडी द्यायची नाही," ती म्हणाली. "मला लागणार आहे. मी शिकतेय."

मामाच्या हातातली करंजी तशीच राहिली. बाबा घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. गडहिंग्लजला गेल्यावर बघू. खोराट्यांना परत बोलावू. या वेळी नीट विचारतो सगळं. मास्तर बघायला पाहिजे."

"मी बघितलाय," आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी मगदूम मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या मोकळ्या पटांगणात आई उजवीकडे बसली आणि मी डावीकडे. त्याला आता बरीच वर्षं झाली. आई आता एकटी घाट उतरते आणि वाटेत दुसऱ्या बायकांना लिफ्ट देते, अट एकच, पिशवी आपली आणायची. पण त्या सकाळी तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं कुणी हिसकावून नेणार आहे.

"आता काय करू?" ती म्हणाली.

"क्लच सोड, मालक," मी म्हणाले.

गाडी धक्का खाऊन निघाली. माझा उजवा पाय मॅटवर दाबला गेला. पटांगणाच्या पलीकडे एक म्हैस उभी होती, तिच्यापलीकडे ऊस, त्याच्यापलीकडे थेट आजऱ्याचा रस्ता. सगळं लख्ख दिसत होतं.